मारहाणीच्या जखमांची नोंद अपघात विभागात कशी घ्यावी

मार खाल्लेला प्रत्येक जण पोलिसांकडे जातोच असं नाही. टाके घालायला मात्र दवाखान्यात यावंच लागतं. त्यामुळे मारामाऱ्या कुठे आणि कधी होतात, याचा माग अपघात विभागात जास्त नीट लागतो. वेल्समधल्या कार्डिफमध्ये मुखशल्यचिकित्सक जोनाथन शेफर्ड यांनी यावरून अशा नोंदी घेऊन, रुग्णाची ओळख न देता, त्या पोलीस व स्थानिक प्रशासनाला नियमित देण्याची पद्धत बसवली. २०११ साली तिचं मूल्यमापन प्रसिद्ध झालं. तशाच इतर शहरांशी तुलना करता, हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणारे तिथे ४२ टक्क्यांनी घटले होते.

प्रश्न केसपेपर काढतानाच विचारा. डॉक्टरांवर सोपवलंत तर गर्दीच्या रात्री रकाने कोरे राहतात, आणि नेमक्या त्याच रात्री महत्त्वाच्या असतात. जखम दुसऱ्याने केली, स्वतःहून केली की अपघाताने झाली, हे आधी ठरवा. दुसऱ्याने केली असेल तर ठिकाण, तारीख-वेळ, हत्यार आणि मारणारे किती, एवढंच पुरे. फॉर्म लांबला की कोणी भरत नाही.

सगळ्यात जास्त चूक ठिकाणात होते. ‘रस्त्यावर’ ही नोंद कुचकामी आहे. कुठला रस्ता, कोणत्या दुकानासमोर, बारच्या आत की दारात, इतकं हवं. यादीतून निवडायला देऊ नका, मोकळी ओळ ठेवा. वेळही मारहाणीची लिहा. संगणक आपोआप दवाखान्यात आल्याची वेळ टाकतो आणि रात्री एकची घटना पहाटे चारची होऊन बसते.

सोबतच्या माणसाला बाहेर बसवूनच विचारा. मारणारा तोच असू शकतो. घरातल्या हिंसेत पत्ता म्हणजेच ओळख, म्हणून त्या नोंदींचं ठिकाण फक्त ‘घर’ असं पुढे द्या. रुग्णाला धोका दिसला तर मदत लगेच मिळवून द्या, महिनाअखेरीची वाट पाहू नका. पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक असेल तर ते वेगळ्या कागदावर करा. दोन्ही एकत्र झालं की लोक बोलायचे थांबतात.

दर महिन्याच्या अखेरीस रुग्णाचं नाव, वय, पत्ता वगळून यादी करा आणि पोलीस व स्थानिक प्रशासनासोबत बसा. एका महिन्यावरून निष्कर्ष काढू नका, आकडे लहान असतात. तीन-चार महिने तीच जागा वर येत असेल तर गस्तीची वेळ बदला, दिवे लावा. काचेच्या ग्लासांनी जखमा होत असतील तर तिथे प्लास्टिकचे ग्लास आणायला लावा. नंतर त्या जागेचे आकडे पुन्हा काढा, शेजारच्या रस्त्यांचेही. मारामारी थांबली की नुसती तिकडे सरकली, हे त्यातूनच कळतं.