दुसऱ्याच्या टाकीत आपली बिअर

आमच्या घरी वाण्याची यादी अजून बिअरच्या लेबलांच्या पाठीवर लिहिली जाते. चाळीस हजार छापून घेतली होती, मंजुरीच्या आधी. म्हणून हे कॉन्ट्रॅक्ट ब्रूइंगवाल्यांसाठी, म्हणजे ब्रँड आणि कृती आपली, टाक्या दुसऱ्याच्या. महाराष्ट्रापुरतंच लिहितोय. दारू हा राज्याचा विषय, गोव्यात विकायची तर पुन्हा श्रीगणेशा.

कंपनी, पॅन, चालू खातं हे सांगायला नको. कंपनीच्या मेमोरँडमच्या (स्थापनेच्या कागदाच्या) उद्देशांत मद्य आहे ना, तेवढं बघा. ट्रेडमार्क वर्ग 32 मध्ये. 33 मध्ये वाइन-व्हिस्की येते, तिथे अर्ज टाकून निवांत बसू नका.

मग ब्रुअरी. वाळूजला शोधा नाहीतर तळोजाला, पण मालकाच्या चहावर भुलू नका. बीआरएल, म्हणजे बिअर बनवायचा परवाना, मागून स्वतः वाचा: कुणाच्या नावावर, कधीपर्यंत, मंजूर क्षमता किती. क्षमता आधीच भरली असेल तर तुमची बिअर कागदावर मावणार कुठे? करार नुसता नोटरी करून भागत नाही, तुमचा ब्रँड तिथे बनवायला राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते. परवानाधारक ब्रुअरी, त्यामुळे सह्या तिच्या. हेलपाटे मात्र तुमचे.

आता लेबल. त्याचीही मंजुरी याच विभागाची, तिचा कागद हातात आल्याशिवाय छापू नका. आमचा सल्लागार म्हणाला, ‘ती फॉर्मॅलिटी असते, छापून टाका.’ छापून टाकलं. करारात ‘प्रायव्हेट लिमिटेड’, लेबलवर ‘प्रा. लि.’ आणि पत्त्यात जुना गाळा नंबर. फाइल परत. तोवर लागर, म्हणजे आमची बिअर, टाकीत तयार. ती काही आठवड्यांत होते, मंजुरीचं तसं नसतं. टाकीचं भाडं चालूच. शेवटी ओतून द्यायची ठरली, तर त्यालाही परवानगी, आणि समोर अधिकारी उभा. गटारावर गुडघाभर फेस आला होता आणि ब्रुअरीतला पोऱ्या मला विचारतो, ‘साहेब, एक ग्लास तरी?’

आम्ही तर चिल्लर. बिरासारख्या ब्रँडच्या कंपनीच्या नावातून ‘प्रायव्हेट’ गेलं, तर राज्याराज्यांत लेबलं नव्याने नोंदवावी लागली आणि काही महिने विक्री अडकली. तेव्हा नाव आणि पत्ता करार, परवाना, लेबल सगळीकडे अक्षर न् अक्षर जुळवा. कॅन असेल तर दुप्पट सावध. कागद सोलता येतो, कॅनवरची छपाई नाही.

लेबलावर काय हवं ते एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) 2018 च्या मद्य नियमांत आहे, 1 एप्रिल 2019 पासून लागू. मद्याचं प्रमाण, इशारा, बॅच. 5 टक्क्यांच्या वर गेलात की ‘स्ट्राँग’, 8 च्या वर जायचं नाही. एफएसएसएआय परवाना ब्रुअरीचा आहेच, तुमचाही काढा. आणि परवान्याचं वर्ष 31 मार्चला संपतं. मार्चमध्ये अर्ज टाकून एप्रिलमध्ये बाटली बघायची हौस असेल तर वर गटाराचं लिहिलंय ते परत वाचा.

कर: बिअर जीएसटीच्या बाहेर, तिच्यावर व्हॅट. पण ब्रुअरीच्या जॉबवर्कच्या, म्हणजे तुमची बिअर बनवून देण्याच्या, बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो आणि त्याचं क्रेडिट मिळत नाही. पेटीचा भाव काढताना हे धरलं नाही तर नफा तिथेच गेला.

विक्री एफएल-1 (घाऊक विक्रीचा परवाना) असलेल्या होलसेलरमार्फत, तिथून वाइन शॉप, परमिट रूम, बिअर शॉपी. मित्राच्या बारला डिकीतून दोन पेट्या पोचवल्या तर तो गुन्हा आहे, मैत्री नाही. वाहतुकीचा पास, जाहिरातबंदी, वजनमापं, प्लास्टिकची नोंदणी... सीएला विचारा, मी दमलो.

लेबलाच्या मंजुरीचा कागद आला का? नाही ना? मग प्रेसवाल्याचा फोन उचलू नका.