जुन्या गाडीचा ब्रेक लागत नाही? आधी पायडल काय सांगतंय ते बघा

‘ब्रेक लागत नाही’ एवढंच सांगून गाडी गॅरेजला लावली, की बहुतेक वेळा आधी मास्टर सिलिंडरचं (पायडलचा दाब ब्रेक ऑइलला देणाऱ्या पंपाचं) किट, म्हणजे रबरांचा संच, बदललं जातं, मग ऑइलच्या लाइनमधली हवा काढली जाते आणि आठवड्यात तीच तक्रार पुन्हा येते. या एका तक्रारीमागे निदान चार निरनिराळे दोष असतात. कोणता आहे ते पाना हातात घेण्याआधी पायाला कळतं.

खालची माहिती पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या गाड्यांची आहे, म्हणजे बहुतेक मारुती ८००, ओम्नी वगैरे. चारही चाकांना ड्रम असलेल्या जुन्या ॲम्बेसेडर-पद्मिनीला तत्त्व तेच, फक्त लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) ॲडजस्ट करायची चाकं दोनाऐवजी चार.

सपाट जागा, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे, आणि चाक काढायचं असेल तर जॅकच्या जोडीला स्टँड. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली बघा. पॅड झिजतात तसा कॅलिपरचा (डिस्कला पॅडने पकडणाऱ्या चिमट्याचा) पिस्टन बाहेर सरकतो आणि ऑइल थोडं उतरतं. म्हणून वर्षभरात हळूहळू उतरलेली पातळी गळती नव्हे, पॅड संपत आल्याची खूण आहे. चार दिवसांत उतरली तर मात्र गळती शोधायचीच. झाकणाखालचं रबर फुगून बसेनासं झालं असेल तर कुणीतरी त्यात इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल ओतलंय. मग सिस्टीम धुऊन सगळी रबरं, म्हणजे किट, कप आणि होस पाइप, बदलावीच लागतात. नुसतं ऑइल बदलून भागत नाही.

आता पायडल. इंजिन बंद ठेवून पाचसहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला (व्हॅक्यूमच्या जोरावर पायाला मदत करणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपेल. मग पाय दाबून अर्धा मिनिट तसाच धरा. पायडल जागेवर राहिलं तर ठीक. सावकाश खाली बसत गेलं आणि बाटलीतलं ऑइल तेवढंच राहिलं, तर मास्टर सिलिंडरचा आतला रबरी कप ऑइल मागे सोडतोय. हाच प्रयोग अगदी हलक्या पायानेही करा. झिजलेला कप जोरात दाबल्यावर कधी कधी घट्ट बसतो आणि हलक्या दाबाला सोडतो. सिग्नलला उभं असताना पायडल हळूच खाली जातं ते यामुळेच.

पहिल्या दाबाला पायडल खोल जातं, दुसऱ्या-तिसऱ्या पंपाला वर येतं, असं असेल तर दोन शक्यता. वर आल्यावर ते लवचिक, स्पंजसारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. वर येऊन कडक लागत असेल तर मागचे लायनर ड्रमपासून लांब गेलेत. खात्री करायची सोपी युक्ती आहे: हँडब्रेक दोन-तीन दाते ओढून पुन्हा पायडल दाबा. उंची सुधारली तर हवा काढत बसू नका, मागचे लायनर ॲडजस्ट करा. जुन्या गाड्यांत ऑटो ॲडजस्टर (लायनर आपोआप ड्रमजवळ आणणारा भाग) बऱ्याचदा गंजून अडकलेला असतो आणि या साध्या दोषापायी लोक मास्टर सिलिंडर बदलतात.

पायडल कडक आहे, सगळा जोर लावावा लागतोय, तर बूस्टर तपासा. इंजिन बंद ठेवून पायडल कडक होईपर्यंत पंप करा, पाय दाबून धरा आणि स्टार्टर मारा. इंजिन सुरू होताच पायडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर आधी व्हॅक्यूमचा पाइप आणि त्यावरचा व्हॉल्व्ह बघा. बूस्टर महाग पडतो, पाइप नाही. डिझेल गाडीत व्हॅक्यूम पंपही तपासा. ऑइल कमी होतंय पण बाहेर कुठेच ओल नाही, तर मास्टर सिलिंडर सोडवून बूस्टरच्या तोंडाशी बघा. मागच्या सीलमधून ऑइल आत झिरपत असतं.

घाटात गेलेला ब्रेक हे प्रकरण वेगळं. कन्नडहून चाळीसगावकडे उतरताना, किंवा कोंडाईबारीत, तोरणमाळच्या उतारावर, पाय सतत ब्रेकवर ठेवला की दोनांपैकी एक गोष्ट होते. पायडल वर आणि कडक, पण गाडी थांबत नाही, जळका वास येतोय: पॅड-लायनर तापून त्यांची पकड गेली. पायडल मऊ होऊन थेट तळाला गेलं: ऑइल उकळून लाइनमध्ये वाफ झाली. दोन्ही वेळा गार झाल्यावर ब्रेक परत येतो, आणि म्हणूनच गॅरेजमध्ये ‘काही दोष नाही’ असं ऐकायला मिळतं.

उकळण्याचं खापर लोक भुसावळच्या ४५ अंशांवर फोडतात, पण खरा चोर पावसाळा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डीओटी ३ (बाटलीवर लिहिलेला ऑइलचा दर्जा) ऑइल नवं असताना २०५ अंश सेल्सिअसच्या खाली उकळू नये असं मानक आहे, ३.७ टक्के पाणी शिरल्यावर तोच आकडा १४० वर येतो. डीओटी ४ चे आकडे २३० आणि १५५. गाडी कमी चालली तरी दर २ वर्षांनी ऑइल बदला. ३ आणि ४ एकमेकांत चालतात. सिलिकॉनचं डीओटी ५ यांच्यात कधीच ओतू नका.

ब्रेक दाबल्यावर गाडी उजवीकडे ओढत असेल तर दोष बहुधा डाव्या चाकात. तिथला पिस्टन किंवा पिन अडकलेली असते. मागच्या चाकांना आतल्या बाजूने टायरवर ओल दिसली तर ड्रम काढून व्हील सिलिंडरचं रबर बूट उचला. आत ओलं म्हणजे सिलिंडर गेला. ऑइल प्यालेला लायनर धुऊन वापरायचा नाही. लायनर दोन्ही चाकांचे एकदम बदला. पॅड ३ मिलिमीटरच्या आत आले तर बदलायचे. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये फुप्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा.

काही किलोमीटर चालून एकच चाक तापतंय, जाम होतंय? चाक उचला आणि ब्लीड निपल (चाकाजवळचा, हवा काढायचा छोटा स्क्रू) सैल करा. ऑइल फवारून चाक मोकळं झालं तर दाब आत अडकला होता. होस पाइप बाहेरून चांगला दिसला तरी आतून फुगलेला असू शकतो. निपल सोडूनही चाक फिरेना, तर कॅलिपर किंवा हँडब्रेकची केबल जाम आहे.

हवा काढताना साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करतात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तिथे मॅन्युअल पाळा. बाटली मध्येच रिकामी होऊ देऊ नका. पायडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. जुन्या सिलिंडरच्या तळाला गंजाचा थर असतो आणि पायडल पार खाली दाबलं की त्यावर घासून चांगला कप फाटतो. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता. निपलमधून काढलेलं जुनं ऑइल परत वापरू नका.

मग मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरवर आधी हँडब्रेक, नंतर पायाचा ब्रेक तपासा. नवे पॅड-लायनर बसायला पहिले २००-३०० किलोमीटर लागतात; तोवर घाट नको, आणि आठवड्याने बाटलीची पातळी व निपलांची ओल पुन्हा बघा.