घरी गाडी चार्ज होत नाही? आधी अर्थिंग बघा
उन्हाळ्यात मराठवाड्यातली जमीन वाळून भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नीट मिळत नाही म्हणून चार्जरवर लाल दिवा लागतो. बिघाड बहुतेक वेळा गाडीत नसतोच.

मल्टिमीटर लावायचं काम वायरमनकडूनच करून घ्या. फेज-अर्थिंग साधारण फेज-न्यूट्रलइतकंच, 230 व्होल्टच्या आसपास, दिसायला हवं. न्यूट्रल-अर्थिंग दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. जास्त आलं तर खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पुन्हा मोजा. फरक पडला तर कोळसा-मीठ नव्याने भरून घ्या. चार्जरला फसवायला सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग जोडून देणारे महाभाग भेटतात. न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरेल.

सॉकेट 16 अँपिअरचं, मीटरपासून स्वतंत्र 4 चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, 20 अँपिअरचा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). एक्स्टेंशन बोर्ड नकोच. अर्ध्या तासाने प्लगला हात लावा. चटका बसला तर सॉकेट ढिलं आहे, बदला.

प्रवासात फास्ट चार्जरवर 80 टक्क्यांनंतर वेग फार मंदावतो, तिथेच केबल काढा. पुढचा चार्जर चालू आहे का, हे मात्र निघण्याआधी ॲपवर बघा.