करडू कोणी नेलं ते आधी बघा, मग लांडगा म्हणा

भात कापून झालं, पेंढा रचला, खाचरात वाल-हरभरा टाकून झाला, म्हणजे मुरबाड-शहापूरकडे आता शेळ्या मोकळ्या सोडायचे दिवस आले. आणि याच दिवसांत दरवर्षी व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरायला लागतो की अमक्या पाड्यावर लांडग्याने दोन शेळ्या मारल्या, सोबत व्हिडिओ, आणि व्हिडिओत चक्क बर्फ. अरे बाबांनो, मुरबाडला बर्फ कधी पडला?

तो कॅनडा-रशियाकडचा लांडगा, 40-50 किलोचा. आपला भारतीय लांडगा जातीने तोच पण अंगाने बारीक, 20 किलोच्या आसपास, लांब पायांचा, मातकट. त्याला लागतं उघडं माळरान आणि कमी पाऊस, म्हणून तो घाटावर, सोलापूरला नान्नजच्या माळावर, नगरकडे रेहेकुरी-पारनेरच्या बाजूला. ठाण्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि दाट रान, इथे तो दिसला तर नवलच म्हणायचं. सगळ्या देशात मिळून दोन-तीन हजार उरलेत असा अंदाज सांगतात, वाघाच्या आकड्याच्या आसपासच, पण वाघाचं कौतुक होतं आणि याच्या वाट्याला फक्त शिव्या.

मग शेळी मारली कोणी? हे ओळखणं महत्त्वाचं, कारण उपाय आणि भरपाई दोन्ही त्यावरच ठरतं. गळ्यावर खोल सुळ्यांची भोकं, धड ओढत झुडपात नेलेलं, आणि मातीत गोल ठसे पण नखं उमटलेली नाहीत, तर तो बिबट्या. नखं उमटली असतील तर कुत्रा, कोल्हा किंवा लांडगा, तिघांचे ठसे सारखेच दिसतात, नुसत्या ठशावर पैज लावू नका. एका रात्रीत पाच-सहा शेळ्या फाडल्यात, कान, मागच्या मांड्या, शेपटी चावलीय आणि खाल्लं फारसं नाही, तर बहुतेक वेळा ती गावातलीच मोकाट कुत्री असतात, राग येईल पण खरं आहे. लांडगा पोटासाठी मारतो, जमलं तर उचलून नेतो. आणि नुसतं करडू किंवा कोंबडी गेली तर कोल्हा, तो 8-10 किलोचा प्राणी, मोठी शेळी त्याला झेपत नाही.

नवी मुंबईत वाशी, ऐरोली, खारघरच्या खाडीलगत गावठाणात ज्यांच्या कोंबड्या आहेत त्यांच्यासाठी हाच कोल्हा. तो कांदळवनात राहतो, चिंबोऱ्या खातो, उंदीर खातो. उंदीर खातो म्हणजे शेतकऱ्याचा मित्रच, पण चिकनच्या दुकानाचा कचरा खाडीच्या कडेला टाकलात की तो रोज येणार, त्याच्या मागे कुत्री येणार, मग भांडणं, चावाचावी आणि रेबीज. आधी तो कचरा बंद करा, बाकी सगळं नंतर.

आता गोठ्याचं. दिवस मावळायच्या आत शेळ्या आत, ही सवय लावा. जाळी एक-दीड फूट जमिनीत गाडा, कारण कुत्रा-कोल्हा खालून उकरतो, आणि वरून छप्पर बंद करा, कारण बिबट्या वरून येतो. छपराकडे लोक दुर्लक्ष करतात म्हणून एक लांबची गोष्ट सांगतो. लडाखमध्ये लांडगे मारायला दगडी खड्डे बांधायचे, शांगडोंग म्हणतात, आत जनावर ठेवायचं, लांडगा उडी मारून आत पडायचा, मग गाव मिळून दगडांनी ठेचायचं. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं तरी मेंढ्या जातच होत्या. मग कोंडवाड्यांना वरून जाळी आणि घट्ट दारं बसवली तेव्हा कुठे फरक पडला, आणि चुशूलला तर गावकऱ्यांनी ते खड्डे निकामी करून शेजारी स्तूप बांधला. लाइट लावली तर चालेल पण जनावरं चार दिवसांत तिला सरावतात, नुसत्या बल्बवर विसंबू नका.

मेलेल्या शेळीत थिमेट (शेतातलं जहाल कीटकनाशक) भरून ठेवायचं डोक्यात सुद्धा आणू नका. लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याला मारणं गुन्हा, केस होईल ती होईलच, पण विष खाऊन आधी मरतं ते तुमचंच राखणीचं कुत्रं, मग घारी, कावळे.

शेळीला कशानेही चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा (हातमोजे घालून), हळद-चुना भरत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या, चावल्यानंतरच्या लसीचे डोस ठरलेल्या दिवशी पूर्ण करा. तिचं दूध डॉक्टर सांगेपर्यंत घ्यायचं नाही. माणसाला चावलं तर तेच, फक्त सरकारी दवाखान्यात, आणि लगेच.

भरपाई वन्यप्राण्याने मारलं तरच मिळते, मोकाट कुत्र्यांचं काही नाही. म्हणून मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका, ठशांवर घमेलं पालथं घाला, फोटो काढा, 48 तासांच्या आत वनविभागाला कळवा, 1926 ही टोल फ्री हेल्पलाइन आहे, आणि पंचनामा होईपर्यंत थांबा. आमच्या शेजाऱ्याने वास येतो म्हणून शेळी पुरून टाकली आणि मग वर्षभर हेलपाटे घातले.

शेवटचं, ज्यांना शेतात खतासाठी मेंढ्या बसवायच्या आहेत त्यांनी धनगरांशी आत्ताच बोलून ठेवा, दिवाळीनंतर पारनेरकडून माळशेज घाट उतरून त्यांचे वाडे (मेंढ्यांचे तळ) येतात. ही माणसं लांडग्याच्या मुलखातली, वाघर म्हणजे जाळं लावून मेंढ्या कोंडतात, कोकरं मधोमध, कुत्री बाहेर, रात्री एक जण जागा. मागच्या साली एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, लांडग्याचा राग नाही येत का, तर म्हणाले, येतो की, पण त्यो तरी काय खाईल. वाडा रानापासून लांब, घराच्या बाजूच्या खाचरात बसवायला सांगा, आणि त्यांच्या कुत्र्यांना रेबीजची लस झालीय का विचारा, नसेल तर तुमच्या कुत्र्यांसोबतच टोचून घ्या.