मताधिकाराचे जुने पोस्टकार्ड हाती आल्यास ते कसे वाचावे आणि कसे सांभाळावे

गोव्यातील जुन्या घरांच्या माळ्यावर पत्र्याची एखादी पेटी असतेच. मुंबईत नोकरीला गेलेल्या किंवा इंग्रजांच्या बोटीवर चाकरी करणाऱ्या आप्तांनी पाठवलेली पोस्टकार्डे अशा पेटीत निघतात. बंदरे, चर्च आणि फुलांचे गुच्छ यांच्या चित्रांमधूनच क्वचित एखादे विचित्र कार्ड हाती येते, ज्यात एक बाई छत्री उगारून ओरडत असते किंवा एक पुरुष रडणारे मूल मांडीवर घेऊन हताश बसलेला असतो. साधारण १९०३ ते १९१४ या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत पोस्टकार्डे जमवण्याचे वेड आणि स्त्रियांच्या मताधिकाराचा लढा ही दोन्ही एकाच वेळी भरात होती. हे कार्ड त्या काळातले असण्याची शक्यता मोठी आहे. असे कार्ड मिळाल्यावर काय करावे, ते येथे क्रमाने सांगतो.

चित्र पाहून निष्कर्ष काढण्याचा मोह आवरून कार्ड प्रथम उलटे करावे. पाठीवर उभी रेघ असून डावीकडे मजकुराला आणि उजवीकडे पत्त्याला जागा असेल, तर ब्रिटिश कार्ड १९०२ नंतरचे आणि अमेरिकन कार्ड मार्च १९०७ नंतरचे समजावे, कारण त्याआधी पाठीवर केवळ पत्ता लिहिण्याची मुभा होती. इंग्लंडातल्या इंग्लंडात गेलेल्या कार्डावर अर्ध्या पेनीचे हिरवे तिकीट असते. जून १९१८ मध्ये हा दर एक पेनी झाला, म्हणून हिरवे तिकीट दिसले की कार्ड बहुधा त्यापूर्वीचे. तिकिटावर सातवा एडवर्ड असल्यास ते बहुधा १९०२ ते १९११ च्या दरम्यान टाकलेले असते आणि पाचवा जॉर्ज असल्यास १९११ नंतर. गोव्यातून टाकलेल्या कार्डावर पोर्तुगीज राजाच्या चेहऱ्यावरच ‘रेपुब्लिका’, म्हणजे प्रजासत्ताक, असा छाप मारलेला आढळतो. ऑक्टोबर १९१० मध्ये पोर्तुगालची राजेशाही गेल्यावर शिल्लक तिकिटे अशी नव्या राज्याच्या सेवेत लावली गेली. पोस्टाचा शिक्का वाचता येत असेल तर या सगळ्या तर्काची गरजच उरत नाही.

त्यानंतर प्रकाशकाचे नाव पाहावे, जे बहुधा पाठीच्या कडेला किंवा मधल्या रेघेत बारीक अक्षरांत असते. १९०७ साली स्थापन झालेली आर्टिस्ट्स सफ्रेज लीग (सफ्रेज म्हणजे मताधिकार), १९०९ ची सफ्रेज आटेलिए, किंवा एमेलिन पँकहर्स्ट यांनी १९०३ मध्ये मँचेस्टर येथे स्थापन केलेली विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन यांपैकी कोणतेही नाव असल्यास कार्ड मताधिकाराच्या बाजूचे आहे, यात शंका नको. यॉर्कशरमधील बॅमफर्थ कंपनीचे विनोदी कार्ड मात्र टिंगलीचे असण्याचाच संभव अधिक. अशा धंदेवाईक प्रकाशकाला पक्षाशी फारसे देणेघेणे नव्हते. बाजारात खपेल ते तो छापी, आणि दुर्दैवाने टिंगल अधिक खपत असे.

आता चित्राकडे वळावे. न्यूयॉर्कच्या डन्स्टन-वायलर लिथोग्राफ कंपनीने १९०९ साली मताधिकाराच्या विरोधात बारा कार्डांची एक रंगीत मालिका काढली. तिच्यातील एका कार्डावर एक पुरुष बाळाला बाटलीने दूध पाजत आहे, आणि त्याच्या डोक्यामागे जेवणाची गोल बशी अशी धरली आहे की ती प्रभावळीसारखी दिसावी. कार्डाचे नावच ‘सफ्रजेट मॅडोना’, म्हणजे मताधिकारवाली मेरी माता. गोव्यातील वाचकाला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, हे चित्र उलगडून सांगावे लागत नाही, कारण बाळ येशूला घेतलेली सायबीण, म्हणजे मेरी माता, आपण वाटेवरच्या घुमटीत रोज पाहतो. बाई मत द्यायला गेली तर तिची पवित्र जागा पुरुषाला घ्यावी लागेल, ही भीती त्या बशीत भरली आहे. मात्र तेच चित्र वेगळ्या नजरेने पाहिले, तर पुरुषाने बाळाला दूध पाजण्यात एवढे हास्यास्पद काय, असाही प्रश्न पडतो. चित्रकाराला तो अभिप्रेत नव्हता.

मांजराचे चित्र असल्यास विशेष सावध राहावे. विरोधकांनी मांजर वापरले ते स्त्रीला चुलीजवळचा प्राणी ठरवण्यासाठी, आणि फलक घेऊन ओरडणारी मांजरे काढून तिच्या मागणीला ‘म्यांव’ करून टाकण्यासाठी. पुढे १९१३ मध्ये ब्रिटिश सरकारने एक कायदा केला, ज्यान्वये तुरुंगात उपोषण करणाऱ्या स्त्रीला प्रकृती ढासळताच सोडायचे आणि सावरली की पुन्हा पकडायचे. लोकांनी त्याला ‘मांजर-उंदराचा कायदा’ असे नाव दिले, आणि चळवळीच्या चित्रांत मांजर सरकारचे झाले. १९१४ च्या एका प्रसिद्ध भित्तिपत्रकात अजस्र मांजराच्या जबड्यात एक स्त्री लोंबकळते आहे. म्हणजे तारीख ठाऊक नसताना मांजरावरून बाजू ठरवणे धोक्याचे. रंगांचा आधार त्या मानाने बरा: जांभळा, पांढरा आणि हिरवा हे १९०८ पासून पँकहर्स्ट यांच्या संघटनेचे रंग, तर तांबडा, पांढरा आणि हिरवा हे मिलिसेंट फॉसेट यांच्या सनदशीर संघटनेचे. अर्थात छायाचित्रावर नंतर हाताने भरलेले रंग पुरावा म्हणून धरू नयेत.

पाठवणाऱ्याचा मजकूर शेवटी वाचावा, पण वाचल्याशिवाय राहू नये. माझ्याकडील एका कार्डावर पुढे नवऱ्याला लाटण्याने बडवणारी बाई आहे आणि मागे एका बहिणीने दुसरीला गाडीची वेळ कळवली आहे. चित्राचा उल्लेखही नाही. अशा कार्डावरून पाठवणारी मताधिकाराच्या विरोधात होती असे म्हणता येत नाही. दुकानात समोर जे होते ते तिने उचलले असावे.

कार्ड खरे की नंतरची नक्कल, हे दहापट भिंगाखाली कळते. त्या काळच्या रंगीत लिथोग्राफीत (शिळाछपाईत) ठिपके लहानमोठे आणि विस्कळीत असतात, आजच्या छपाईत ते एकसारखे, फुलांच्या पाकळ्यांसारखे रचलेले दिसतात. अस्सल छायाचित्रात ठिपके नसतातच. मापही पाहावे: जुने कार्ड साधारण १४० गुणिले ८९ मिलिमीटर असते.

नोंद करताना एक चूक टाळावी. गोव्यातील घरात सापडले म्हणून कार्डाला ‘गोव्यातील स्त्रीचळवळ’ असे शीर्षक देऊ नये. कार्ड कोठे छापले, कोठून टाकले आणि कोठे सापडले या तीन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात. पोर्तुगीज राज्याची गोष्ट निराळीच होती. डॉक्टर कारोलिना बियात्रिस आंजेलू या लिस्बनमधील विधवा बाईंनी, कुटुंबप्रमुखाला मत देणाऱ्या कायद्यात ‘पुरुष’ हा शब्द नाही हे न्यायालयात पटवून, २८ मे १९११ रोजी मत दिले, आणि १९१३ मध्ये सरकारने तो शब्द घालून टाकला. गोव्यातील सर्व प्रौढ स्त्रियांनी आपली विधानसभा निवडली ती डिसेंबर १९६३ मध्ये.

सांभाळण्याविषयी मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. चकचकीत प्लास्टिकच्या खिशांच्या अल्बममध्ये कार्डे लावली, आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर काढू गेलो तर एका कार्डाची जांभळी शाई प्लास्टिकला चिकटून आली. नव्या रेनकोटसारखा वास येणारे प्लास्टिक वापरू नये. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटे घ्यावीत आणि ती आम्लविरहित पुठ्ठ्याच्या पेटीत उभी ठेवावीत. चिकटपट्टी, लॅमिनेशन आणि इस्त्री यांपासून कार्ड दूर ठेवावे. नोंद पाकिटात वेगळ्या चिठ्ठीवर करावी. कार्डावरच लिहिणे भाग पडले तर मऊ पेन्सिलीने, पाठीच्या कोपऱ्यात. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ओल आणि कसर दोन्ही पोहोचतात, तेव्हा पेटी आतल्या खोलीत, जमिनीपासून उंचावर असावी. सिलिका जेलच्या पुड्या मिरगाआधी बदलाव्यात, आणि पेटी उघडून कार्डे तपासायची ती चवथ होऊन पाऊस पुरता सरल्यावर, कोरड्या दिवशी, सावलीत.