पत्राची वाट पाहताना: राज्यशास्त्राच्या आडवाटेच्या पीएचडीसाठी अमेरिकेत येऊ पाहणाऱ्यांना

फेब्रुवारी उजाडला की पुण्याहून, नागपूरहून आणि दिल्लीत एमए करणाऱ्या मराठी मुलामुलींकडून मला जवळजवळ एकाच मजकुराच्या ईमेल येऊ लागतात. डिसेंबरात आठ-दहा विद्यापीठांत अर्ज केलेले असतात, प्रत्येक अर्जामागे शंभर डॉलरच्या आसपास शुल्क गेलेले असते, दोन नकार येऊन पडलेले असतात, मोठ्या नावाची ठिकाणे अजून गप्प असतात आणि एका निराळ्याच विभागाकडून होकार आलेला असतो किंवा येण्याची चिन्हे असतात. "ताई, हा विभाग घेऊ का?" या प्रश्नाचे उत्तर मी दरवर्षी वेगवेगळ्या माणसांना तेच ते लिहिते, ते आता एकदाच सविस्तर लिहून ठेवत आहे.

निराळा म्हणजे काय, ते आधी सांगते. अमेरिकेतील बहुतेक राज्यशास्त्र विभाग अमेरिकी राजकारण, तुलनात्मक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध आणि राजकीय सिद्धांत अशा चार कप्प्यांत विभागलेले असतात आणि पहिल्या दोन वर्षांत संख्याशास्त्राची काही सत्रे तुमच्या माथी असतातच. या आकडेमोडीच्या वर्चस्वाविरुद्ध ऑक्टोबर २०००मध्ये 'मिस्टर पेरेस्त्रोइका' या टोपणनावाने एक निनावी ईमेल विषयातल्या प्राध्यापकांत फिरली आणि तिच्यावरून पुढे बराच वाद झाला. मात्र काही विभाग त्याच्या कितीतरी आधीपासून वेगळ्या वाटेने चाललेले होते. हवाई विद्यापीठाच्या मानोआ येथील विभागात मूलनिवासींचे राजकारण आणि भविष्य-अभ्यास शिकवला जातो. त्या ईमेलनंतर काही वर्षांनी सुरू झालेला व्हर्जिनिया टेकचा 'अ‍ॅस्पेक्ट' हा अभ्यासक्रम राजकीय, सामाजिक, नैतिक आणि सांस्कृतिक विचार एकत्र बांधतो. न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलने १९३३ साली नाझी राजवटीतून निसटलेल्या विद्वानांना आसरा दिला आणि सिद्धांताची परंपरा जपली. सांताक्रूझच्या 'हिस्टरी ऑफ कॉन्शसनेस' विभागाचे नाव राज्यशास्त्राचे नसले तरी ब्लॅक पँथर पक्षाचे एक संस्थापक ह्यूई न्यूटन यांनी १९८०मध्ये तिथूनच डॉक्टरेट मिळवली. त्या पक्षाचे नाव १९७२ साली मुंबईत कोणी उचलले, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

मी स्वतः अशाच एका विभागातून पीएचडी केली. सांगली जिल्ह्यातल्या सहकारी साखर कारखान्यांच्या निवडणुका हा माझा विषय होता आणि सभासदयादीतून नाव गळालेला शेतकरी कोणत्या दारात जाऊन बसतो, हा माझा प्रश्न होता. चौकटीतल्या दोन विभागांतल्या प्राध्यापकांनी मला विचारले की यात मोजण्यासारखे काय आहे. माझ्या विभागाने विचारले की गावात किती दिवस राहशील. त्या शिक्षणाबद्दल माझी तक्रार नाही. मी चूक केली ती पैशाची होती आणि तिच्याबद्दल मी इथे जरा जास्तच लिहिणार आहे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, पुण्यात कॉट बेसिसवर घेतलेल्या खोलीत, रात्री अडीच वाजता मी ते पत्र उघडले. 'पाच वर्षांचे अर्थसाहाय्य' हे शब्द मी तीनदा वाचले आणि त्याच वाक्याच्या शेपटाला असलेले 'निधीच्या उपलब्धतेनुसार' हे शब्द एकदाही वाचले नाहीत. म्हणजे डोळ्यांखालून गेले असतील, पण डोक्यात शिरले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी होकार कळवला आणि दुसऱ्या एका विद्यापीठाच्या प्रतीक्षायादीतून माझे नाव मीच काढून घेतले, कारण एकाला हो म्हटल्यावर दुसरीकडे ताटकळत बसणे मला अप्रामाणिक वाटले. तिसऱ्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये विभागाकडून दोन ओळींची ईमेल आली की यंदा टीएच्या, म्हणजे अध्यापन-साहाय्यकांच्या, जागा कमी झाल्या आहेत. टीएची जागा गेली म्हणजे केवळ विद्यावेतन जात नाही, तर तिच्याशी जोडलेली शिक्षणशुल्काची माफीही जाते, हे मला त्या दिवशी कळले. त्या वर्षीच्या उसाचे बिल भावाने माझ्या एका सत्राच्या शुल्कात घातले. त्याने ते कधी बोलून दाखवले नाही, पण घराच्या मागच्या पडवीवरचा पत्रा त्याला त्या पावसाळ्यात बदलता आला नाही, एवढे मला ठाऊक आहे.

शिष्यवृत्ती मध्येच संपण्याचे दुखणे आपल्याला नवे नाही. बाबासाहेब आंबेडकर १९१३मध्ये बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात आले, पुढे लंडनला गेले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७मध्ये त्यांना तिथला अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून साठवलेली रक्कम आणि शाहू महाराजांची मदत यांच्या बळावर ते १९२०मध्ये पुन्हा लंडनला पोहोचले. तुमच्या-माझ्यासारख्यांनी तेवढ्या जिद्दीची खात्री स्वतःबद्दल धरू नये.

म्हणून पत्र आले की प्रवेश-संचालकांना ईमेल करून पुढील गोष्टी लेखी मागा. अर्थसाहाय्य किती वर्षांचे, आणि त्यातली किती वर्षे विनाअट, विद्यावेतन नऊ महिन्यांचे की बारा, उन्हाळ्यात काय, शुल्कमाफीत दर सत्राचे किरकोळ आकार धरले आहेत का, आरोग्यविम्याचा किती वाटा तुमच्या अंगावर, आणि गेल्या पाच वर्षांत, अभ्यासात समाधानकारक प्रगती असताना एखाद्या विद्यार्थ्याचे अर्थसाहाय्य थांबले आहे का. शेवटचा प्रश्न विचारायला आपल्या मुलांची जीभ रेटत नाही. ज्यांनी प्रवेश दिला त्यांच्याकडेच पैशाचा हिशेब मागायचा, हे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. भीड भिकेची बहीण, हे आजी सांगत असे ते मला इथे येऊन पटले. अमेरिकी माणूस असा प्रश्न मनाला लावून घेत नाही. उलट, जो विचारत नाही त्याला गरज नसावी, असे तो धरून चालतो. त्याचबरोबर 'तुम्ही येणार म्हणून आम्ही अतिशय उत्सुक आहोत' हे वाक्य इथे आपल्या 'या एकदा जेवायला'च्या तोडीचे आहे. त्याने आनंदित व्हा, पण त्यावर पाच वर्षे बेतू नका.

आकडा डॉलरमध्ये असला की गावाकडे त्याला ऐंशी-नव्वदने गुणून पेढे वाटले जातात. समजा पत्रात वर्षाला २४,००० डॉलर लिहिले आहेत. त्यातून १,८०० किरकोळ आकारांचे, १,२०० विम्याच्या वाट्याचे आणि महिना ९५० प्रमाणे भाड्याचे ११,४०० वजा करा. उरतात ९,६००, म्हणजे महिन्याला ८००, आणि त्यातच किराणा, बस, फोन, पुस्तके, दोन वर्षांतून एकदा घरी जाण्याचे तिकीट आणि कर. विद्यावेतन नऊच महिन्यांत वाटले जात असेल, तर मे महिन्यात हाताशी शिल्लक ठेवण्याची शिस्त तुमची तुम्हालाच लावायची आहे. पहिला पगार पुष्कळदा सप्टेंबरच्या शेवटी येतो, तर घराची अनामत आणि पहिले भाडे ऑगस्टमध्येच भरावे लागते. दोन महिन्यांचा खर्च सोबत घेऊनच निघा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आवारात आठवड्याला वीसच तास काम करता येते आणि टीएची नेमणूक बहुधा तेवढे तास खाऊन टाकते. त्यामुळे 'वरून काहीतरी करू' हा बेत मनातून काढून टाका. जोडीदार एफ-२ या आश्रितांच्या व्हिसावर येणार असेल, तर त्याला नोकरीची परवानगी नसते.

कराविषयी दोनच गोष्टी. कामाशिवाय मिळणाऱ्या फेलोशिपच्या रकमेतून विद्यापीठ १४ टक्के कर आधीच कापू शकते, आणि भारत-अमेरिका कर-करारातील कलम २१मुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट मिळते, जी इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. रिटर्न भरताना ती मागायला विसरू नका. मी दोन वर्षे विसरले होते.

बाहेरच्या पैशाची आशा फार धरू नये. नॅशनल सायन्स फाउंडेशनची पदवीधर फेलोशिप नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळते. आपल्याकडची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप जागतिक क्रमवारीशी बांधलेल्या आहेत, त्यामुळे लहान आणि निराळी संस्था त्यांत बसेलच असे नाही. शिवाय केंद्राच्या योजनेतून भारतीय समाज, इतिहास आणि संस्कृती यांवरील विषय २०२२मध्ये वगळण्यात आले. ज्या विद्यार्थ्यांसाठी ती योजना आहे, त्यांनी स्वतःच्या समाजाचा अभ्यास परदेशात करू नये, असा त्याचा अर्थ होतो. मला तो नियम आजही पटलेला नाही.

आता मार्गदर्शकाकडे वळते. आडवाटेचा विभाग अनेकदा एखाद-दुसऱ्या प्राध्यापकाच्या जोरावर उभा असतो. तो निवृत्त झाला किंवा दुसरीकडे गेला की त्या विभागाचे निराळेपण त्याच्याबरोबर जाते. तुमच्या विषयावर सही करू शकतील अशी किमान दोन माणसे नसतील, तर माझे मत नकाराचे आहे. हे विभागाला विचारून कळत नाही. विभाग तुमची गाठ पहिल्या वर्षाच्या उत्साही विद्यार्थ्याशी घालून देईल. तुम्ही पाचव्या-सहाव्या वर्षातला विद्यार्थी स्वतः शोधा आणि त्याच्याशी ईमेलवर नव्हे, तर फोनवर बोला. 'तुमच्याबरोबर आलेल्यांपैकी आज किती जण आहेत?' या प्रश्नावर तो किती वेळ थांबतो, तेही ऐका.

पुढच्या नोकरीचा विचार आत्ता करणे अनेकांना हलकेपणाचे वाटते. पण इथल्या प्राध्यापकपदांच्या जाहिराती त्याच चार कप्प्यांतून निघतात आणि निवड समिती विचारते की तुम्ही तुलनात्मकवाले की सिद्धांतवाले. 'दोन्ही आणि शिवाय मानववंशशास्त्र' हे उत्तर खरे असले तरी ऐकणाऱ्याला ते कोणत्या खणात टाकावे ते कळत नाही. निराळ्या विभागात जाच, पण पहिल्या वर्षापासून एक कप्पा कागदोपत्री आपला करा, संख्याशास्त्र सक्तीचे नसले तरी दोन सत्रे शिका, आणि जमल्यास सिराक्यूज विद्यापीठात भरणाऱ्या गुणात्मक संशोधनपद्धतींच्या उन्हाळी वर्गाला जा. विभागाच्या पानावर फक्त नोकरी मिळालेल्यांची यादी असते. किती जण बाहेर पडले त्या आकड्याला ती लावून पाहिली तरच तिचा उपयोग.

परत येण्याचा विचार असेल तर एक बाब आजच तपासा. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार क्यूएस, टाइम्स किंवा शांघाय यांपैकी एखाद्या क्रमवारीत पहिल्या पाचशेत असलेल्या परदेशी विद्यापीठाची पीएचडी असेल, तर सहायक प्राध्यापकपदासाठी नेट या पात्रता परीक्षेतून सूट मिळते. तुमचे विद्यापीठ त्या यादीत नसेल, तर निघण्याआधी नेट देऊन टाका. पीएचडीनंतर पस्तिसाव्या वर्षी बहुपर्यायी प्रश्न सोडवणे फार जिवावर येते. आणि इथेच काही काळ नोकरी करण्याचा बेत असेल, तर तुमच्या पदवीचा वर्गीकरण कोड विचारून घ्या. सर्वसाधारण राज्यशास्त्राच्या ४५.१००१ या कोडवर पदवीनंतर कामाची परवानगी बारा महिन्यांची असते. स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या, यादीतल्या कोडवर तीत आणखी चोवीस महिने मिळतात.

इथल्या आपल्या लोकांविषयी थोडे. महाराष्ट्र मंडळात तुम्हाला प्रेमाने पुरणपोळी मिळेल आणि त्याच ताटावर 'राज्यशास्त्र? मग पुढे काय?' हेही मिळेल. सॉफ्टवेअरमधल्या काकांना विद्यापीठाचे नाव माहीत नसणे हा त्या विद्यापीठाविरुद्धचा पुरावा नव्हे, तसेच नाव माहीत असणे हा त्याच्या बाजूचा पुरावाही नव्हे. घर शोधणे, विमानतळावरून आणणे, जुना गादी-कुकर देणे यांत त्यांच्याइतके उपयोगी कोणी नाही. विभागाच्या निवडीबाबत मात्र त्यांचे मनावर घेऊ नका. याच्या उलट, विद्यापीठांत स्थिरावलेले आमच्यासारखे लोक स्वतःची वाट इतरांनाही योग्यच आहे असे पटवू पाहतात, तेव्हा माझे म्हणणेही तेवढ्याच बेताने घ्या.

थंडीसाठी कोट इथे येऊन घ्या.

राहता राहिली तारीख. अर्थसाहाय्यासह आलेल्या होकारांना १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचे बंधन नाही, असा अमेरिकेतील बहुसंख्य विद्यापीठांनी मान्य केलेला ठराव आहे. 'शुक्रवारपर्यंत सांगा' असे कोणी म्हणाले, तर त्या ठरावाची नम्रपणे आठवण करून द्या. प्रतीक्षायादी बहुतेक एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातच हलते, म्हणून माझ्यासारखे आपले नाव आपणच काढू नका. त्यात अप्रामाणिक काही नाही. २०२५पासून काही नामांकित विद्यापीठांनीही काही विभागांतले पीएचडी प्रवेश वर्षापुरते थांबवले आहेत, तेव्हा 'हे सोडू आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू' असे ठरवण्याआधी तो विभाग पुढच्या वर्षी प्रवेश देणार आहे का, तेही विचारून घ्या. जिथे जायचे नाही हे पक्के ठरले आहे, तिथे मात्र त्याच दिवशी दोन ओळींत कळवा. कारणे लिहायची गरज नसते, आणि ती जागा प्रतीक्षायादीतल्या कोणाला तरी १४ तारखेच्या रात्रीऐवजी आठवडाभर आधी मिळते.