जुन्या गाडीचं पहिलं कर्ज: आधी व्याजाची पद्धत विचारा

पहिली नोकरी, पहिली गाडी आणि तीही सेकंड-हँड असेल, तर एजंट 'फक्त १२ टक्के' म्हणाला की लगेच हो म्हणू नका. फ्लॅट (व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर) की रिड्युसिंग (व्याज फक्त फेडायच्या उरलेल्या रकमेवर), हे आधी विचारा. ४ लाखांचं कर्ज ३ वर्षांसाठी घेतलं, तर १२ टक्के फ्लॅटने हप्ता साधारण १५,१११ रुपये बसतो आणि रिड्युसिंगने १३,२८६. आकडा तोच १२, पण तीन वर्षांत फरक जवळजवळ ६६ हजारांचा! एवढ्यात टायर, बॅटरी आणि इन्शुरन्स सगळं निघतं. म्हणून हप्त्यांचा पूर्ण तक्ता हातात घेतल्याशिवाय सही करू नका.

आधी कधी कर्ज किंवा क्रेडिट कार्ड घेतलं नसेल, तर सिबिलकडे (कर्जफेडीची नोंद ठेवून स्कोअर देणारी संस्था) तुमचा इतिहासच नसतो. अशा वेळी पगार खातं असलेल्या बँकेत आधी विचारा. आई किंवा बाबा सहकर्जदार झाले तर काम सोपं होतं. पण हप्ता चुकला तर त्यांचाही स्कोअर बिघडतो, हे त्यांना समोर बसून नीट सांगा.

आणि टोकन देण्याआधी आरसी बघाच. तिच्यावर जुन्या बँकेचं नाव असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचं बँकेचं नाव काढायचा फॉर्म) मालकाकडून घ्या. एचपी (हायपोथिकेशन, म्हणजे गाडीवरचा बँकेचा बोजा) उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, विकणारा कितीही ओळखीचा असला तरी.